छपरातून गेलेली वाट

डोंगराच्या पोटातील एखाद्या अंधाऱ्या गुहेत शिरावे, तिच्या अरुंद बोळांतून चाचपडत तळापर्यंत उतरावे, तेथे जे काही दडलेले असेल ते हस्तगत करावे, आणि मग आलेल्याच वाटेने, तीच वळणे व तेच चढ पुन्हा तुडवीत उजेडात परतावे, हा क्रम मनुष्याच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याच्या उत्तरार्धात नवे असे काहीच नसते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. क्योतो येथील निन्टेन्डो कंपनीचे एक दिग्दर्शक हिदेमारो फुजिबायाशी यांच्या ती ध्यानात आली. आपल्या अर्धवट तयार झालेल्या व्हिडिओ गेममधील गुहा तपासून पाहताना परतीची पायपीट टाळावी म्हणून ते एका चोरवाटेचा आश्रय घेत असत. गेम घडविणाऱ्यांनी निव्वळ स्वतःच्या सोयीसाठी ठेवलेली ती एक आज्ञा होती आणि ती दिली की नायक तळातून उचलला जाऊन थेट माथ्यावर पोहोचत असे. हे काही काळ चालल्यावर त्यांच्या मनात आले की जी सोय आपल्याला इतकी सुखावते ती खेळणाऱ्याला तरी का नाकारावी? या एका प्रश्नातून ‘असेंड’ नावाची शक्ती जन्माला आली. डोक्यावर छत असेल तेथे नायक हात उंचावतो, पाण्यात सूर मारणाऱ्याने तळाकडे जावे तसा दगडामातीतून पोहत वर जातो, आणि छताच्या वरच्या बाजूस डोके बाहेर काढतो. कारखान्यातील कामगारांचा दरवाजा अशा रीतीने देवडीवरचे महाद्वार झाला.

ज्या कृतीत हे घडले ती ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ या मालिकेतील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ होय. ती १२ मे २०२३ रोजी प्रसिद्ध झाली, आणि पहिल्या ३ दिवसांतच तिच्या १ कोटीहून अधिक प्रती विकल्या गेल्या. तिची पूर्वकृती ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ ही ३ मार्च २०१७ ची. दोहोंचे दिग्दर्शक फुजिबायाशी, दोहोंचे निर्माते एइजी आओनुमा, दोन्ही ‘स्विच’ या यंत्रावर चालणाऱ्या. आणि याहून महत्त्वाची गोष्ट अशी की दोहोंची भूमीही एकच, हायरूल नावाचे एक काल्पनिक राज्य. उत्तरकृती म्हटली की नवा मुलूख, नवी सरहद्द, नवा नकाशा, अशी या व्यवसायातील जुनी वहिवाट आहे, आणि ती सकारणही आहे. कारण ज्याच्या खाचाखोचा एकदा पाठ झाल्या त्या प्रदेशात शोध घ्यावयाचा तो कशाचा, हा प्रश्न कोणाही सुबुद्ध माणसास पडेल. टिअर्सच्या कर्त्यांनी या प्रश्नास दिलेले उत्तर मला या कलेच्या इतिहासातील फार मोलाचे वाटते. भूमी आपल्याला कळते ती पायांनी, आणि पाय बदलले की जुनी भूमीही अनोळखी होते, या समजुतीवर त्यांनी आपला सारा डाव मांडला.

या समजुतीची मुळे बरीच मागे जातात. शिगेरू मियामोतो यांचे बालपण क्योतो प्रांतातील सोनोबे या गावी, आसपासच्या टेकड्या व रानवाटा धुंडाळण्यात गेले. त्या भटकंतीत त्यांना एकदा एका गुहेचे तोंड सापडले, आणि पुढे धीर करून, हाती कंदील घेऊन ते तिच्यात शिरले, ही हकीकत त्यांनी स्वतःच अनेकदा सांगितलेली आहे. त्यांनी व ताकाशी तेझुका यांनी १९८६ मध्ये या मालिकेची पहिली कृती रचली तेव्हा त्या कंदिलाच्या उजेडातील भय व कुतूहल पडद्यावर आणणे हाच त्यांचा हेतू होता. तथापि पुढील ३० वर्षांत मालिकेला हळूहळू एक चाकोरी पडली. नदी आडवी आली तर ती ओलांडण्याचे साधन अमुक मंदिरात, कडा आडवा आला तर तो चढण्याचा आकडा तमुक तळघरात, असा जणू सरकारी दफ्तराचा क्रम ठरून गेला. प्रत्येक अडथळ्यास एक कुलूप, प्रत्येक कुलपास एक किल्ली, आणि किल्ली मिळेपर्यंत पलीकडे जाण्यास मज्जाव. शोध घेण्याचा आनंद त्यात होताच, पण तो कर्त्याने आधी आखून दिलेल्या मार्गाने घ्यावयाचा होता.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ने ही कुलुपे एका फटक्यात काढून टाकली. तिच्यातील नायक लिंक हा जवळजवळ कोणत्याही कड्यावर, भिंतीवर, झाडावर किंवा बुरुजावर हातापायांनी चढू शकतो. त्याला बंधन असते ते केवळ दमाचे, आणि तो दम पडद्यावर एका लहानशा हिरव्या वर्तुळाच्या रूपाने झिजताना दिसतो. वर्तुळ संपण्यापूर्वी पाय ठेवण्यास सपाटी मिळाली तर ठीक, नाही तर तो कोसळतो. पाऊस पडू लागला की खडक निसरडे होतात आणि दर काही हातांनी पाय घसरतो. मग आडोशाला शेकोटी पेटवून पाऊस थांबण्याची वाट पाहावी लागते. शिखर गाठले की कापडी छत्रीसारखे एक साधन डोक्यावर धरून वाऱ्यावर तरंगत खाली उतरता येते. गवताला आग लावली तर तिच्या धगीने हवा वर उसळते आणि त्या झोतावर हे साधन उलट वर उचलले जाते. आग, वारा, पाणी यांचे परस्परांशी जे नाते सृष्टीत आहे ते येथेही सर्वत्र सारखेच ठेवावयाचे, हा दंडक ताकुहिरो दोहता या तांत्रिक दिग्दर्शकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी कसोशीने पाळला होता.

या भूमीची आखणीही मोठ्या विचाराने झालेली होती. राज्याचा विस्तार किती असावा हे ठरविताना फुजिबायाशी यांनी क्योतो शहराचा नकाशा आपल्या कल्पित राज्यावर पसरून पाहिला, कारण त्या शहरात कोठून कोठे जावयास किती वेळ लागतो याची जाण त्यांच्या पायांत मुरलेली होती. डोंगर, टेकड्या व खडक यांना शक्यतो त्रिकोणी आकार द्यावयाचा, असाही एक नियम या मंडळींनी केला होता. प्रथमदर्शनी तो क्षुल्लक वाटतो; पण त्रिकोण समोर आला की चालणाऱ्यापुढे दोन पर्याय उभे राहतात, चढून जावे की वळसा घालावा; आणि चढावे तर माथा जवळ येईल तसतसे पलीकडचे काहीतरी थोडेथोडे उघडे होऊ लागते, प्रथम कळस, मग भिंत, मग अंगणातील धूर. मोठे त्रिकोण दुरून खुणावण्यासाठी, मधले दृष्टी अडविण्यासाठी, लहान पावलांना ताल देण्यासाठी. घाट चढताना शेवटच्या वळणावर ज्याची पावले आपोआप जलद झाली आहेत त्याला या नियमाचे मर्म अधिक स्पष्ट करून सांगावयास नको.

अशा कृतीच्या मागून दुसरी लिहिणे ही सोपी गोष्ट नव्हे. वस्तुतः आरंभी दुसरी कृती करण्याचा मनसुबाही नव्हता. पहिलीला जोडावयाच्या पुरवण्यांसाठी सुचलेल्या कल्पना इतक्या साचल्या की त्यांना स्वतंत्र घर देणे भाग पडले. जुन्या भूमीवर नवी कथा रचण्याचा अनुभव आओनुमा यांना पूर्वी एकदा आलेला होता, १९९८ च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मधील पात्रे व सामग्री घेऊन २००० मधील ‘मजोराज मास्क’ अल्पावधीत उभी केली तेव्हा. पण तेथे कालाचे चक्र फिरवून नवलाई आणली होती आणि गाव नवे वसविले होते. येथे गावे, डोंगर व नद्या तशाच ठेवून केवळ गतीचे नियम बदलावयाचे होते.

या बदलाचे बीज फुजिबायाशी यांनी जुन्याच सामानातून उचलले. पहिल्या कृतीत फिरती दंतचक्रे होती, दगडी फळ्या होत्या. चार चक्रे एका फळीला जोडून पाहता ती फळी गाडीसारखी पुढे सरकू लागली. जी वस्तू आजवर केवळ देखाव्याची किंवा एखाद्या कोड्यापुरती होती तिच्यातून वाहन निघू शकते, हे त्यांनी प्रयोगाने सहकाऱ्यांस दाखविले, आणि तेथून ‘अल्ट्राहँड’ या शक्तीची तजवीज सुरू झाली. हे नाव मात्र नवे नाही. कात्रीप्रमाणे उघडमिट होणाऱ्या पट्ट्यांचा, दूरची वस्तू पकडणारा एक लांबलचक चिमटा निन्टेन्डोने १९६६ मध्ये याच नावाने विक्रीस आणला होता. त्याचा जनक गुनपेई योकोई हा त्या वेळी कंपनीच्या पत्त्यांच्या कारखान्यात यंत्रांची देखभाल करीत असे, आणि हा चिमटा त्याने मोकळ्या वेळात स्वतःच्या करमणुकीसाठी बनविला होता. कंपनीचे प्रमुख हिरोशी यामाउची यांच्या दृष्टीस तो पडला, त्यांनी तो बाजारात आणण्याचा हुकूम दिला, आणि त्याच्या १० लाखांहून अधिक प्रती खपल्या. १८८९ पासून हानाफुदा पत्ते छापीत आलेली ही पेढी खेळण्यांच्या उद्योगात भक्कम पाय रोवून उभी राहिली ती या चिमट्यामुळे, असे म्हणण्यास हरकत नाही.

नव्या अल्ट्राहँडने लिंक दूर पडलेली फळी, चाक, पंखा, ओंडका, पाल, फुगा अशी कोणतीही वस्तू अदृश्य हाताने उचलतो, हवी तशी वळवितो आणि दुसरीला चिकटवितो. सांध्यावर हिरवट डिंकासारखा एक पदार्थ जमतो, आणि सांधा पसंत पडला नाही तर वस्तू हलवून तो मोडता येतो. समजा, नदी आडवी आली आहे. ओंडके शेजारी शेजारी जोडून तराफा करता येईल, त्यावर पाल रोवून वाऱ्याची वाट पाहता येईल, वाऱ्याचा भरवसा नसेल तर मागे पंखा बसविता येईल, किंवा तेच ओंडके टोकाला टोक लावून पलीकडच्या काठावर टेकविले की पूल होईल. वाटेत कोरोक नावाचे रानातले छोटे जीव पाठीवरच्या बोजाखाली हतबल होऊन बसलेले आढळतात, आणि दूर डोंगरावर त्यांच्या सोबत्याने पेटविलेला धूर दिसत असतो; त्यांना तेथे पोहोचवावयाचे, मग गाडी करून, दोरमार्गाला टांगून, कड्यावरून ढकलून किंवा आकाशातून उडवून. आपण एकटे जेथे सहज चढून गेलो असतो तेथे हा लहानसा जीव घेऊन जाताना त्याच टेकडीचा उतार, तिच्यावरील दगड, मधला ओढा, सारे प्रथमच नीट पाहावे लागते. पूर्वकृतीत डोंगर हा दमास आव्हान देत असे. येथे तो बुद्धीस आव्हान देतो, आणि उत्तर चुकले तर गाडी उलटते, एवढाच काय तो दंड.

ही मुभा द्यावयाची तर पडद्यामागे केवढी उलथापालथ करावी लागली, याची हकीकत दोहता, भौतिकीचे काम पाहणारे ताकाहिरो ताकायामा आणि ध्वनीची जबाबदारी असलेले जुन्या ओसादा यांनी २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या गेम-निर्मात्यांच्या परिषदेत सांगितली. सामान्यतः अशा कृतींत काही वस्तू वजन, घर्षण, धक्का यांच्या नियमांनी हलतात, तर काही, उदाहरणार्थ फाटके किंवा कळ दाबताच सरकणाऱ्या भिंती, आखून दिलेल्या हुकमाप्रमाणे हलतात. आणि या दुसऱ्या जातीच्या वस्तूंचे बळ अमर्याद असते, कारण हुकमाला वजन माहीत नसते. खेळणाऱ्याच्या हाती कोणतीही वस्तू कोणत्याही वस्तूला चिकटविण्याची सनद दिली, की या दोन जातींची गाठ पडते आणि जग विस्कटते: फळी भिंतीत घुसते, गाडी आकाशात फेकली जाते. यावर इलाज एकच होता, आणि तो त्यांनी पतकरला. एकूण एक वस्तू नियमांच्या अंमलाखाली आणावयाची. फाटक वर जावयाचे असेल तर खऱ्याखुऱ्या साखळीने व वजनाने गेले पाहिजे, म्हणजे त्याच्याखाली कोणी फळी अडकविली तर ते निमूटपणे अडेल. ध्वनीच्या बाबतीतही हीच निष्ठा पाळली गेली. गाडीचा म्हणून वेगळा आवाज त्यांनी कोठे साठवून ठेवलेला नाही. चाकाचा आवाज, सांध्याचा आवाज, लाकडाचा आवाज असे सुटे आवाज आहेत, आणि खेळणाऱ्याने ते भाग एकत्र आणले की गाडीचा खडखडाट आपोआप उत्पन्न होतो. ज्या वाहनाची कर्त्यांनी कधी कल्पनाही केली नव्हती त्यालाही अशा रीतीने त्याचा स्वतःचा आवाज मिळतो. हे वाचले तेव्हा मला सुतारकामाच्या शाळेची आठवण झाली, जेथे मुलाला खुर्ची दिली जात नाही, रंधा दिला जातो.

दुसरा मोठा बदल उंचीच्या दिशेने झाला. पूर्वीची हायरूल ही एकच चादर होती, उंचसखल परंतु एकच. आता तिच्यावर आकाशात तरंगणारी बेटे आली आणि तिच्याखाली एक पाताळ आले. पहिल्या कृतीचा आरंभ एका पठारावर होत असे, ज्याच्या चहूबाजूंस कडे होते आणि छत्री मिळेपर्यंत खाली उतरण्याची सोय नव्हती. दुसरीचा खरा आरंभही उंचावरच होतो, पण तेथे लिंकला करावे लागणारे पहिलेच धाडस म्हणजे उडी: तो बेटाच्या कडेवरून निःशंकपणे स्वतःस झोकून देतो, वारा कानांशी घोंघावतो, आणि खालच्या तळ्यात तो सूर मारतो. दोन कृतींतील फरक या एका प्रसंगात सामावलेला आहे. मनोऱ्यांचेही तसेच. दोन्हींत ते १५ च आहेत. पूर्वी त्यांवर हातांनी चढून जावे लागे व वर पोहोचल्यावर नकाशा उलगडे, आता मनोऱ्यातील यंत्र लिंकला तोफेच्या गोळ्यासारखे ढगांपलीकडे भिरकावते आणि त्या उंचीवरून तो खालच्या मुलखाचे टिपण करतो. मग तो कोठे उतरावयाचे हे पडता पडताच ठरवितो. पूर्वी ‘वर कसे जावे’ हा प्रश्न होता, आता ‘खाली कोठे जावे’ हाही तितकाच मोठा होऊन बसतो. आकाशात परतण्याचे मार्गही साधे नाहीत. बेटांचे जे तुकडे निखळून जमिनीवर पडलेले असतात त्यांवर उभे राहून ‘रिकॉल’ या शक्तीने त्यांचा काल उलटा फिरविला की ते आपल्या पतनाच्या वाटेने पुन्हा वर जाऊ लागतात. पडलेला धोंडा हीच शिडी, ही कल्पना किती सुंदर आहे! आणि सर्वांत विलक्षण म्हणजे, आकाशातील बेटावरून मारलेली उडी जमिनीतील एखाद्या विवराच्या तोंडावर नेमकी साधली, तर ढग, कुरणे आणि पाताळ असे तिन्ही लोक एकाच पतनात, मध्ये कोठेही पडदा न पडता, पार होतात. हे पतन मी कितीदा तरी केवळ त्याच्यासाठी म्हणून केले आहे.

या उंचीच्या हिशेबात असेंडचे स्थान काय, हे आता कळेल. छत हा वास्तूचा शेवट मानण्याची आपली सवय असते. गुहेत शिरताना डोळे जमिनीवर व भिंतींवर असतात. असेंड हाती आले की डोळे वर जातात. पुलाखालून जाताना पूल दिसतो, कड्याच्या पुढे आलेल्या कपाळपट्टीखाली थांबताना ती कपाळपट्टी दिसते, आणि पूर्वी पावसात ज्या कड्यापुढे हात टेकले होते त्याच्या पायथ्याशी एखादी कपार शोधली की तोच कडा क्षणात पायाखाली येतो. खेळणाऱ्याला ही शक्ती वापरावयास दोन क्षण लागतात, पण कर्त्यांना तिने फार मोठ्या कामास जुंपले असले पाहिजे. कारण राज्यातील प्रत्येक छताच्या वर काहीतरी असणे आता बंधनकारक झाले, कोठेही पोकळी राहून चालणार नव्हते. वर पोहोचल्यावर लिंक लगेच बाहेर पडत नाही, तो केवळ डोके काढून चहूकडे पाहतो, आणि शत्रूची छावणी दिसली तर परत खाली जाण्याची मोकळीक त्याला असते. त्या डोके काढण्याच्या क्षणी जे कुतूहल दाटते ते सोनोबेच्या गुहेत कंदील घेऊन शिरलेल्या मुलाच्या कुतूहलाचे सख्खे भावंड आहे, फक्त दिशा उलटी आहे.

एवढे सांगून झाल्यावर एका उणिवेविषयी मौन पाळणे योग्य होणार नाही. दोन पंखे आणि एक सुकाणू एवढ्याच तीन वस्तूंची एक उडती गाडी खेळणाऱ्यांनी लवकरच शोधून काढली. ती स्वस्त आहे, हलकी आहे, विजेचा साठा पुरेल तोवर हवे तेथे नेते, आणि एकदा केलेली वस्तू पुन्हा क्षणात उभी करून देणारी शक्तीही कृतीतच असल्याने तिच्यासाठी श्रम असे पडतच नाहीत. ही गाडी ज्याच्या हाती आली त्याच्या लेखी डोंगर, नदी, घळ यांचे अस्तित्व उरत नाही. याउलट कर्त्यांनीच दिलेले पंखाकृती उडते यान मुद्दाम अल्पायुषी ठेवले आहे. ते सपाटीवरून आपले आपण उडत नाही, त्यास उतार लागतो, आणि काही वेळाने ते लुकलुकून नाहीसे होते, म्हणून त्यावर बसणाऱ्याला उतरण्याच्या जागेचा विचार सतत बाळगावा लागतो. हा विचार म्हणजेच शोध. मला विचाराल तर त्या तीन वस्तूंच्या गाडीवरही असेच काही बंधन हवे होते. पण ज्याने रंधा हाती दिला त्याने खुर्ची कशी करावी हे सांगू नये, असा युक्तिवाद कोणी केला तर मजपाशी त्याला सबळ उत्तर नाही.

पाताळाविषयी रसिकांचे मत विभागलेले आहे. हा संपूर्ण थर प्रसिद्धीपूर्वी कंपनीने लोकांपासून गुप्त राखला होता, त्यामुळे प्रथम विवरात उतरणाऱ्याला, एखादी खोल विहीर असेल अशा समजुतीने उतरले असता, वरच्या राज्याइतकाच विस्तीर्ण काळोख समोर पसरलेला पाहून जो धक्का बसला तो अपूर्व होता. तेथे प्रकाश देणाऱ्या बिया पुढे फेकीत, त्यांच्या उजेडाच्या वर्तुळापुरते पाऊल टाकीत जावे लागते. जमिनीवर पसरलेली लालकाळी विषारी साय अंगाला लागली तर आयुष्याची कमाल मर्यादाच कमी होते. पण हा काळोख सर्वत्र जवळजवळ सारखाच आहे, आणि बराच वेळ चालल्यावर मन शिणते हे मान्य केले पाहिजे.

मात्र नकाशाचे दोन थर एकमेकांवर ठेवून पाहिले की या शिणातही एक वेगळाच अर्थ दिसू लागतो. वर जेथे पर्वत आहे तेथे खाली खोल दरी आहे; वर जेथे नदी वाहते तेथे खाली अभेद्य भिंत उभी आहे; वरच्या अनेक गावांच्या खाली ओसाड खाणी आहेत. वर जमिनीवर १२० देवळे आहेत आणि खाली काळोख उजळणारी १२० प्रकाशमुळे, प्रत्येक देवळाच्या नेमके खाली एक. इंग्रजी आवृत्तीत तर नावेही उलट वाचावयाची आहेत: वरच्या ‘क्योनोनिस’ची रोमन अक्षरे उलट क्रमाने मांडली की खालचे ‘सिनोनोयक’ मिळते. ही गोष्ट आपली आपण उमगण्यातच खरी गंमत आहे. एखादे दिवशी खालच्या अंधारात चुकलेला प्रवासी वरचा नकाशा उघडतो, जे देऊळ त्याने कित्येक तासांपूर्वी पाहून सोडले होते त्याची खूण पाहतो, आणि डोळ्यांपुढे काहीही दिसत नसताना त्या दिशेने बी फेकतो.